कॅटलॉगांत न सांपडणारीं तिकिटें

टपालाचीं तिकिटें जमविण्याचा ज्यास नाद आहे, त्याच्या वहींत अजमान, फुजैरा, उम्म अल् कैवैन अशा नांवांचीं पांच-दहा तिकिटें बहुधा असतातच. पुष्कळदां तीं वडिलांच्या किंवा काकांच्या जुन्या वहींतून वारशानें आलेलीं असतात. आकारानें मोठीं, रंगानें झगझगीत. एखाद्यावर चंद्रावर उतरलेला मनुष्य, तर एखाद्यावर नेपोलियन. मग एके दिवशीं तो मुलगा लंडनच्या स्टॅन्ले गिबन्स कंपनीचा कॅटलॉग उघडून किंमत पाहूं लागतो, तों त्या सुंदर तिकिटास ना क्रमांक, ना किंमत; कित्येकदां तर तिकिटाचा पत्ताच नाहीं! तिकीट बनावट कीं कॅटलॉग अपुरा, असा प्रश्न त्यास पडतो. खरें पाहतां दोन्हीही नव्हे.

कॅटलॉग म्हणजे जगांत छापलेल्या प्रत्येक चिकट कागदाची याद नव्हे. तिकीट ही मूळची एक पावती आहे. पत्र पोंचविण्याचें हंशील आगाऊ भरल्याची. म्हणून संपादक प्रत्येक नव्या तिकिटाची जणूं उलटतपासणीच करितो. तें काढणारास टपाल चालविण्याचा अधिकार होता काय? ज्या देशाचें नांव त्यावर आहे, तेथील टपालकचेरींत तें कोणाही गिऱ्हाइकास छापील किमतीस मिळत होतें काय? आणि तेथील पत्रव्यवहारास त्याची कांहीं गरज तरी होती काय?

अजमानचेंच उदाहरण घ्या. इराणच्या आखाताच्या कांठीं जीं सात अरब संस्थानें ब्रिटिशांच्या संरक्षणाखालीं होतीं, त्यांतील हें सर्वांत लहान. जवळच्या दुबईस १९०९ पासून १९४७ पर्यंत हिंदुस्थानचीच टपालकचेरी होती व हिंदी तिकिटेंच तेथें चालत. पुढें ब्रिटिशांनीं ती चालविली व १९६३ सालीं बंद केली. मग या संस्थानांनीं आपापलीं तिकिटें काढण्यास आरंभ केला. अजमानजवळ तेल नव्हतें, आणि त्या किनाऱ्यावरील मोत्यांचा जुना धंदा जपानी मोत्यांच्या स्पर्धेनें केव्हांच बसला होता. अशा वेळीं फिन्बार केनी नांवाचा एक अमेरिकन व्यापारी करार घेऊन पुढें आला. छपाई व जगभर विक्री त्यानें करावी आणि शेखास पैसा मिळावा, असा तो व्यवहार. १९६४ सालीं पहिलीं तिकिटें निघालीं. त्यांवरील किंमत नये पैसे व रुपये यांत आहे; कारण त्या भागांत तेव्हां हिंदुस्थानच्या रिझर्व्ह बँकेनें काढलेला आखाती रुपया चालत असे.

प्रारंभीं हें ठीक होतें. पण लवकरच पूर लोटला. जेथें बर्फ कधीं पडत नाहीं, तेथून हिंवाळी ऑलिंपिक खेळांचीं तिकिटें निघालीं. एकच चित्र दातेरी कडांचें वेगळें, बिनदातेरी वेगळें. इतकेंच नव्हे, तर अजमानच्या ताब्यांतील मनामा नांवाच्या एका डोंगराळ खेड्याच्या नांवानेंही (ही बहरीनची राजधानी नव्हे) स्वतंत्र तिकिटें निघूं लागलीं! हा माल बहुतेक परस्पर व्यापाऱ्यांकडे गेला. आपल्याजवळचें असें एखादें तिकीट उलटून पाहा. पुढें कोंपऱ्यावर टपालाचा सुबक ठसा, आणि मागें डिंक जशाचा तसा! ठसा बसला, पण पत्र कधीं गेलेंच नाहीं.

१९७२ सालीं संयुक्त अरब अमिरातींच्या टपालखात्यानें कारभार हातीं घेतला, तेव्हां हा प्रकार थांबला. गिबन्सच्या संपादकांनीं आरंभींचीं तिकिटें मुख्य यादींत ठेविलीं. पुढचीं बहुतेक परिशिष्टांत, क्रमांक व किंमत न देतां, थोडक्यांत नोंदविलीं. बिनदातेरी प्रकार तेथूनही वगळले. उलट जर्मनीचा मिखेल कॅटलॉग तींच तिकिटें तपशीलवार देतो. तेव्हां वगळलें म्हणजे खोटें ठरलें, असें नव्हे. खरोखर खोटीं तीं निराळींच. १९९१ नंतर रशियांतील तुवासारख्या प्रांतांच्या नांवांनीं टपालखात्याच्या परवानगीवांचून जीं छापलीं गेलीं, तीं त्या जातीचीं.

हा न्याय सर्वांस सारखा लागतो काय? मला तसें वाटत नाहीं. १८९० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सीबेक नांवाच्या मुद्रकानें निकाराग्वा, होंडुरास, एल साल्वादोर व इक्वेडोर या देशांस दरसाल तिकिटें फुकट छापून देण्याचे करार केले. वर्ष सरतांच उरलेलीं तिकिटें त्याचीं, आणि तीं तो संग्राहकांस विकी. अशा तिकिटांच्या बंदोबस्तासाठीं १८९५ सालीं लंडनांत एक मंडळही निघालें. तरी सीबेकचीं तिकिटें आज कॅटलॉगांत सुखानें नांदत आहेत. श्रीमंत देशांचीं टपालखातींही कित्येक तिकिटें वहींत पडून राहण्यासाठींच काढितात. त्यांस सहसा कोणी परिशिष्टांत धाडीत नाहीं.

तथापि मुलांच्या खाऊच्या पैशांचा विचार केला, म्हणजे संपादकांची बाजू पटते. शिवाय अशा करारांतून काय उद्भवूं शकतें, तेंही पाहावें. याच केनीच्या कंपनीचा कुक बेटांशीं करार होता. तेथील १९७८ च्या निवडणुकींत न्यूझीलंडहून मतदार विमानांनीं आणण्याकडे तिकिटांचा पैसा लागला, आणि न्यायालयाच्या निकालानें मुख्य प्रधान आल्बर्ट हेन्री यांस पद सोडावें लागलें.

आपल्या वहींतील अजमानचीं तिकिटें मात्र टाकूं नयेत. तीं वेगळ्या पानावर लावावीं. आणि त्या काळीं आखाताकडे नोकरीस गेलेल्या एखाद्या आप्ताचें पत्र घरच्या जुन्या पेटींत असेल, तर पाकिटावरचें तिकीट पाण्यांत भिजवून काढूं नये. त्या तिकिटानें खरोखर पत्र पोंचविलेलें आहे. आणि तसें अख्खें पाकीट पाहण्यास जाणते संग्राहक आपल्या दारीं येतील.