चार दिवसांत गुण देणारी ट्यूब
आपली त्वचा : लेखांक सहावा

मागच्या आठवड्यात कोंडा आणि डोक्याला लावायचं तेल यांवर लिहिताना एक गोष्ट ओझरती आली होती. केसांतून कपाळावर ओघळणारं तेल मुरमांना खतपाणी घालतं. त्यावर आईवडिलांचे प्रश्न आले, आणि काही प्रश्न थेट मुलामुलींचे होते. पंधरा-सोळा वर्षांच्या तेलकट, मुरमांनी भरलेल्या चेहऱ्याला नेमकं काय लावावं, असं बहुतेकांनी विचारलं होतं. काय लावू नये, हे एकानेही विचारलं नव्हतं. माझ्या मते आज तेच आधी सांगायला हवं.

आधी चेहऱ्यावर काय घडतं ते पाहू. वयात येताना शरीरात अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात. ती मुलींमध्येही वाढतात. त्यांच्या सांगण्यावरून त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्रातल्या मृत पेशी एकमेकींना चिकटून बूच तयार करतात. आत तेल साचतं, त्यावर एरवी निरुपद्रवी असलेले क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जिवाणू वाढतात आणि सूज येते. बूच उघडं राहिलं तर टोक काळं दिसतं. तो मळ नव्हे, त्वचेतल्याच रंगद्रव्याचा तो काळेपणा आहे. म्हणून खरवडून, घासून तो निघत नाही. दिवसातून सहा वेळा साबणाने तोंड धुणारी मुलं मला माहीत आहेत. त्यांची मुरमं कमी झाली नाहीत, कातडी मात्र सोलवटली.

नागपूरच्या हवेचा यात मोठा वाटा आहे. त्वचेचं तापमान एका अंशाने चढलं की तेलाचा स्राव साधारण दहा टक्क्यांनी वाढतो, असं जुन्या प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि नवतपाचे नऊ तापलेले दिवस तर दरवर्षीच येतात. शिकवणीला जाणारी मुलगी गाडीवर बसण्याआधी दुपट्टा डोळ्यांपर्यंत घट्ट गुंडाळते. उन्हापासून बचाव होतो, हे चांगलंच. पण त्याखाली घाम, घर्षण आणि ऊब एकत्र येतात, आणि गालाच्या कडेला, हनुवटीवर मुरमं उठतात. दुपट्टा सोडू नका. सुती, सैल विणीचा वापरा आणि रोज धुवा. हेल्मेटच्या आतल्या अस्तरालाही हेच लागू.

इथल्या उन्हाळ्याची दुसरी बाजू सहसा लक्षात येत नाही. एप्रिल-मेमध्ये हवा कमालीची कोरडी असते, त्यामुळे त्वचा वरून तेलकट आणि आतून पाण्याला आसुसलेली, अशी दोन्ही असते. तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला, असं विचारणाऱ्या आयांना म्हणून सांगावंसं वाटतं की हलकं, जेलसारखं, तेलविरहित मॉइश्चरायझर लागतंच. ते नसलं तर मुरमांचं औषध झोंबतं, मुलं आठवडाभरात ते सोडून देतात आणि औषधावरचा विश्वासही जातो.

घरगुती उपायांत आपल्याकडे पहिला मान संत्र्याच्या सालीचा. साली वाळवून कुटायच्या, मुलतानी मातीत कालवून लेप लावायचा. या लेपाने तेल टिपलं जातं आणि तासभर चेहरा कोरडा वाटतो, एवढं खरं. पण छिद्रातलं बूच त्याने निघत नाही, आणि सालीतल्या सुगंधी तेलाने चिडलेली त्वचा आणखी चिडू शकते. लिंबू थेट चेहऱ्यावर चोळून उन्हात जाणं तर धोक्याचंच. लिंबाच्या रसातले काही घटक उन्हाशी मिळून त्वचा भाजतात आणि काळे चट्टे महिनोन्‌महिने राहतात. टूथपेस्टही नको. सावजी रश्श्याचा तेलतवंग जेवणातून उडून चेहऱ्यावर येत नाही, तेव्हा त्या रश्श्याला उगाच दोष देऊ नका. ज्यांचा मुरमांशी संबंध अभ्यासांत दिसला आहे ते पदार्थ वेगळे आहेत. साखरेची शीतपेयं, मैदा, रक्तातली साखर पटकन वाढवणारं खाणं, काही जणांत दूध, आणि व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांच्या डब्यातली व्हे प्रोटीनची पावडर.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. हॉस्टेलवर, शिकवणीत, पार्लरमध्ये एक ट्यूब हातोहात फिरते. मैत्रिणीने दिलेली असते, किंवा औषधाच्या दुकानात चेहरा दाखवून आणलेली. ती लावली की चार दिवसांत लाली जाते, मुरूम बसतं, रंगही उजळल्यासारखा दिसतो. अशा ट्यूबमध्ये पुष्कळदा बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी एखादं स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड सूज दाबतं आणि रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून चेहरा गोरा भासतो. मुरमाचं मूळ तसंच राहतं. काही आठवड्यांत त्वचा पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते, आणि स्टिरॉइडमुळेच नव्या मुरमांचं पीक येतं. ट्यूब थांबवली की सगळं दुपटीने उसळतं, उन्हात पाऊल टाकलं की आग होते. घाबरून मूल पुन्हा तीच ट्यूब लावतं.

हे प्रकार किती पसरले आहेत, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसलं. देशातल्या बारा केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते, आणि त्यातल्या सुमारे पाव जणांनी ते मुरमांसाठीच सुरू केलं होतं. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने याविरुद्ध खास कृतिदल उभारलं, सरकारकडे पाठपुरावा केला, आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइडांची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. कायदा झाला, तरी खिडकीवर चिठ्ठी मागितली जातेच असं नाही. त्यामुळे ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचण्याचं काम पालकांवरच येतं. वेष्टनावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध स्वतःच्या मनाने लावायचं नाही, एवढं मुलांना दहावीच्या आतच शिकवायला हवं.

रंग उजळवणाऱ्या बिननावाच्या क्रीमची गोष्ट याहून वाईट. मुरमं गेल्यावर सावळ्या त्वचेवर काळे डाग उरतात, आणि त्या डागांच्या काळजीने मुली अशा डब्यांकडे वळतात. आपल्याच विदर्भात, अकोल्यात, एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. अशा क्रीममध्ये नकळत शिरणाऱ्या पाऱ्याची कायदेशीर मर्यादा दहा लाख भागांत एक भाग आहे. ती तिथे कितीतरी पटींनी ओलांडलेली होती. पारा रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून गोरेपणा दिसतो, आणि तोच पारा त्वचेतून रक्तात जातो. डब्यावर निर्मात्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल, तर ती वस्तू घरात आणू नका, मग ती कितीही ओळखीच्या बाईने दिलेली असो.

‘आयुर्वेदिक आहे, म्हणजे चालेल’ असंही पुष्कळ जण म्हणतात. औषध कोणतं आणि सौंदर्यप्रसाधन कोणतं, या प्रश्नावर नागपूरचा उत्पादन शुल्क विभाग आणि आयुर्वेदिक क्रीम बनवणारी विको कंपनी यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. डिसेंबर २००४ मध्ये न्यायालयाने विकोच्या हळदीच्या क्रीमला औषधाच्या रकान्यात ठेवलं. पण तो निकाल कराच्या वर्गवारीचा होता. कोणतंही क्रीम तुमच्या मुलाच्या मुरमांवर चालेल का, याचं उत्तर कराच्या रकान्यात मिळत नाही. त्यासाठी घटकच पाहावे लागतात.

ते घटक फार नाहीत. सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉश, कारण अंगाच्या साबणाचा क्षार चेहऱ्याला मानवत नाही. नुसती काळी-पांढरी टोकं असतील तर दोन टक्क्यांपर्यंतचं सॅलिसिलिक अ‍ॅसिड. लाल, पुवाची मुरमं असतील तर बेंझॉइल पेरॉक्साइड, आणि तेही अडीच टक्क्यांचं. दहा टक्क्यांचं जास्त झोंबतं, गुण मात्र साधारण तेवढाच देतं. ते कापडाचा रंग उडवतं, म्हणून उशीची खोळ पांढरी ठेवा. रात्रीसाठी अडॅपलीन हे सर्वांत उपयोगी औषध, डॉक्टरांना विचारून घ्यायचं. ते मुरमावर ठिपका देऊन लावण्याचं नाही, वाटाण्याएवढं घेऊन पूर्ण चेहऱ्यावर पातळ पसरायचं, सुरुवातीला एक रात्र सोडून. सकाळी एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं जेल सनस्क्रीन, कारण नागपूरच्या उन्हात डाग गडद होतात. प्रतिजैविकाचं मलम एकटंच महिनोन्‌महिने लावू नये, जिवाणू त्याला दाद देईनासे होतात.

आणि थांबावं लागतं. आज दिसणारं मुरूम कित्येक आठवड्यांपूर्वी आत तयार होऊ लागलेलं असतं. औषधाचा खरा गुण कळायला आठ ते बारा आठवडे जातात, आणि पहिल्या काही आठवड्यांत चेहरा थोडा बिघडूही शकतो. सोळाव्या वर्षी तीन महिने किती लांब वाटतात, हे मोठ्यांनी समजून घ्यायला हवं. लग्नसमारंभात ‘काय झालं गं तोंडाला?’ असं चारचौघांत विचारणाऱ्या काकू-मावश्यांना घरच्यांनीच थांबवावं. त्या एका प्रश्नामुळे मुली फोटोत उभं राहणं सोडतात आणि मुलं झटपट ट्यूबच्या शोधात निघतात.

खोल, दुखऱ्या गाठी असतील, खड्डे पडू लागले असतील, मुलीची पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील, किंवा मूल आरशासमोरून हटत नसेल वा आरसाच टाळत असेल, तर वाट पाहू नका. नागपुरातली मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स, या तिन्ही रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. जाताना आजवर चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूब, डब्या आणि पुड्या एका पिशवीत घालून न्या. डॉक्टर रागावतील म्हणून स्टिरॉइडची ट्यूब लपवली, तर उपचार चुकीच्या दिशेने सुरू होतात. ती आपल्या मनाने एकदम बंदही करू नका. किती दिवस लावली ते सांगा आणि सोडायची कशी, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

(पुढील लेखांकात : मुरमांनंतरचे डाग आणि खड्डे)