अंगण आणि अंगणवाडी

बालविकासाच्या अभ्यासाचा इतिहास लिहावयास बसलेले आपल्याकडील बहुतेक पंडित प्रारंभीच परदेशी प्रयोगशाळांना वंदन करतात आणि बालकाचे शास्त्र म्हणजे मोजमापाच्या चाचण्या, ही गोष्ट सिद्धच आहे असे धरून पुढे चालतात. त्यांच्याशी आमचे भांडण जुने आहे. डार्विनने आपल्या थोरल्या मुलाच्या वाढीची टिपणे घरातच केली आणि ती १८७७ साली प्रसिद्ध केली. पियाजेने बुद्धीच्या उगमाविषयीचे सिद्धान्त मांडले ते स्वतःच्या तीन अपत्यांच्या पाळण्याशेजारी बसून. आणि माँटेसोरीबाईंचे पहिले बालगृह १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडले, तेही मुलांचे आईबाप जेथे राहत त्याच चाळवजा इमारतीत. मूल जेथे वाढते तेथे जाऊन त्याला पाहावयाचे, हा या शास्त्राचा मूळ शिरस्ता आहे. आपल्या देशात तो कोणी पाळला असेल तर ठाणे जिल्ह्यात (आताच्या पालघरमध्ये) काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोन स्त्रियांनी पाळला, असे आमचे ठाम मत आहे.

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० साली बालमंदिर सुरू केले, राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि पुढे दादरला शिशुविहार उभा राहिला, हा सगळा तपशील वाचकांना ठाऊक आहे. ते कार्य मोठे होते. परंतु त्याचा लाभ मुख्यत्वे शहरातील सुशिक्षित, पांढरपेशा घरांना झाला, हे खुद्द ताराबाईंनाच अधिकाधिक टोचू लागले होते.

म्हणून १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. मोरगावला जन्मलेल्या, बालवयातच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. याच वर्षी, याच परिसरात, वेठबिगारीविरुद्ध वारली आदिवासींचा लढा गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली पेटला होता, ही गोष्ट बालशिक्षणाचे इतिहासकार सहसा नोंदवीत नाहीत. परंतु ज्या घरातील बाप सावकाराच्या आणि जमीनदाराच्या कामाला जुंपलेला आणि आई गवताच्या कापणीला गेलेली, त्या घरातील तीन वर्षांच्या मुलाचा विकास कसा होतो, हा प्रश्न त्या परिस्थितीपासून निराळा काढताच येत नाही. बालवाडी उघडली तरी वाड्यापाड्यांवरील मुले येईनात. तेव्हा मुले येत नाहीत म्हणून पालकांना दूषण न देता बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेण्याची तजवीज झाली, आणि अंगणवाडी जन्मास आली. १९५७ पासून बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हे काम बहराला आले. गुरे राखणारी मुले कुरणातच असतात, तर शाळेने कुरणात जावे, ही कुरणशाळेची कल्पनाही तिथलीच.

परंतु आमच्या लेखी त्या टेकडीवरचा सर्वांत मोठा शोध वेगळाच आहे. शाळेत येण्याजोगी सातआठ वर्षांची मुलगी येत नाही, याचे कारण तिच्या बुद्धीत नव्हते, आईबापांच्या अनास्थेतही नव्हते; ते तिच्या कडेवर होते. धाकटे भावंड तिने सांभाळले तरच आई मजुरीला जाऊ शके. हे कळल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली, या जोडणीला विकासवाडी असे नाव मिळाले, आणि भावंडाला पाळणाघरात ठेवून ती मुलगी वर्गात बसू लागली. कुटुंब हा एकच जीव असून त्यातील एका मुलाला सुटे काढून त्याचा विकास साधता येत नाही, हे तत्त्व पुढे विद्यापीठांतून जड परिभाषेत शिकविले गेले. कोसबाडला ते एका मुलीच्या कडेवर दिसले.

काही विद्वान म्हणतात, ताराबाईंनी माँटेसोरीपद्धती स्वस्त करून सौम्य केली. या आक्षेपाने आम्हांला आजही संताप येतो. या मंडळींनी वारली पाड्यावरचे शेणाने सारवलेले अंगण सकाळच्या वेळी निवांत बसून पाहिलेले नाही. चिंचोक्यांची रास पुढ्यात घेऊन बसलेली चारपाच वर्षांची पोर आधी नुसतीच मुठी भरते आणि ओतते. मग मोठे एकीकडे, लहान एकीकडे असे लावू लागते. मध्येच एक शिंपला हाती येतो, तो कोणत्याच राशीत बसत नाही, तेव्हा ती थबकते, त्याला उलटा करून पाहते आणि शेवटी त्याच्यासाठी तिसरी जागा करते. त्या थबकण्यात वर्गीकरणाचा सारा विचार असतो. जवळ बसलेल्या शिक्षिकेने त्या क्षणी तोंडातून शब्द काढू नये आणि नंतर दोन ओळींची नोंद करावी, एवढेच आम्ही प्रशिक्षणवर्गांतून आयुष्यभर सांगत आलो. पॉलिश केलेल्या लाकडी ठोकळ्यांनी यापेक्षा अधिक काय साधते, हे आम्हांला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

पुढील सरकारी काळाचा आढावा थोडक्यात आटोपता येईल. आयोग बसले, अहवाल आले, १९७४ साली राष्ट्रीय बालधोरण जाहीर झाले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि मातांचे आरोग्यशिक्षण अशी तिची सहा कलमे. योजना थोर आहे. तिने असंख्य मुलांच्या तोंडी घास घातला. सरकारी योजनेबाहेर, गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांना आरोग्यदूत करून नवजात बालकांचे मृत्यू कसे कमी केले, हे १९९९ साली जगाने वाचले. तेथेही उपचार घरात गेला, म्हणूनच यश आले, हे ध्यानात घ्यावे.

दुःख हे की, सरकारने अंगणवाडी हे नाव घेतले आणि अंगण मागे ठेवले. सहा कलमांपैकी जे तोलता येते तेवढेच दप्तरी उरले. सेविका तुळईला टांगलेल्या काट्यावर मूल तोलते, आलेखावर ठिपका देते, खिचडी वाढते, रजिस्टरे भरते आणि आता तीच माहिती पुन्हा मोबाईलवर चढविते; जनगणना, निवडणूक, सर्वेक्षण, जे फर्मान सुटेल ते तिच्याच माथी. मोबदल्यास वेतन न म्हणता मानधन म्हणावयाचे, हा त्यावरचा कळस. उलट गावात दुसऱ्या बाजूस इंग्रजी नावाची नर्सरी निघते, तेथे तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल दिली जाते आणि आईबाप कर्ज काढून तिची फी भरतात. २०२० च्या शिक्षणधोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला, याचे स्वागत आहे. पण त्याचा अर्थ पहिलीचे पुस्तक खाली सरकविणे असा लावला जात असेल, तर ते धोरणाचे नव्हे, आमच्या अधीरतेचे अपत्य होय.

मागणे फार नाही. सेविकेच्या डोक्यावरील निम्मी रजिस्टरे काढून घ्यावीत, आठवड्यातून एक सकाळ तिला घरोघरच्या अंगणात बसण्यासाठी मोकळी द्यावी, तिच्या दोन ओळींच्या नोंदी पर्यवेक्षिकेने वजनाच्या आकड्यांइतक्याच गांभीर्याने वाचाव्यात, आणि ताराबाईंनी संपादिलेल्या ‘शिक्षणपत्रिके’चे अंक तालुक्याच्या प्रत्येक प्रशिक्षणवर्गात टेबलावर असावेत.