नोंद कोणाची?

संगणक सुरू केल्यावर पडद्यावर चित्रे व चौकटी उमटतात, त्याआधीच त्याच्या अंतर्भागात बरेच लेखन होऊन गेलेले असते. मेमरी किती आहे, कोणती हार्ड डिस्क सापडली, कोणते उपकरण प्रतिसाद देत नाही, अशा शेकडो ओळी कार्यप्रणालीचा गाभा नोंदवून ठेवतो. या गाभ्याला कर्नल म्हणतात. यंत्र सुरळीत चालू असताना या नोंदींकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ते अकस्मात बंद पडले, की मात्र बहुधा तोच एक साक्षीदार मागे उरतो.

लिनक्सचा कर्नल हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या मुळाशी हाच कर्नल आहे. प्रारंभी तो एकाच प्रोसेसरसाठी लिहिलेला होता. वक्ता एकच असल्यामुळे नोंद कोणाची, हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. १९९६ मधील २.० या आवृत्तीपासून अनेक प्रोसेसरांची सोय झाली, तरीही कर्नलच्या आत एका वेळी एकालाच प्रवेश मिळे. दाराला जणू एक मोठे कुलूप होते. ते क्रमाक्रमाने सैल करत २०११ मध्ये पूर्णपणे काढून टाकण्यात आले. कामाची गती वाढली आणि त्याबरोबर नोंदींतील गलबलाही वाढला.

समजा, एका सर्व्हरमध्ये आठ प्रोसेसर आहेत. त्यांचे क्रमांक शून्य ते सात, कारण संगणकाची मोजणी शून्यापासून सुरू होते. शून्य क्रमांकाच्या प्रोसेसरला हार्ड डिस्ककडून अडचण कळली. नेमक्या त्याच वेळी तीन क्रमांकाच्या प्रोसेसरवर चाललेल्या कामात मेमरीचा चुकीचा पत्ता आला. दोघांनीही आपापल्या ओळी नोंदवल्या. नोंदी अशा दिसल्या:

डिस्क वाचता आली नाही.
पत्ता अवैध आहे.
पुन्हा प्रयत्न करत आहे.
चालू काम थांबवले.

प्रत्येक ओळ अखंड आहे, खरीही आहे. परंतु काम थांबले ते डिस्कमुळे की पत्त्यामुळे? वाचणारा सहजच पहिल्या ओळीला दोष देईल आणि डिस्क बदलेल. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार. खरा दोष कर्नलमध्ये तसाच राहील आणि सर्व्हर पुन्हा बंद पडेल.

ओळीच्या प्रारंभी वेळ छापण्याची सोय लिनक्समध्ये पूर्वीपासून आहे. सेकंदाचा दशलक्षावा भागही तीत दिसतो. मात्र वेळेवरून नोंद केव्हा झाली एवढेच समजते. गंभीर दोषाच्या सविस्तर अहवालात प्रोसेसरचा क्रमांक असतो खरा, पण तो एका ओळीत. आजूबाजूच्या ओळी अनामिकच राहतात.

मग प्रत्येक ओळीवर प्रोसेसरचा क्रमांक छापला, की काम झाले? नाही. कर्नल एखादे काम अर्ध्यातून उचलून दुसऱ्या प्रोसेसरवर सोपवू शकतो. अशा वेळी एकाच कामाची पहिली ओळ तीन क्रमांकाच्या नावावर आणि दुसरी पाच क्रमांकाच्या नावावर पडेल. २०१९ च्या ५.१ या आवृत्तीत या अडचणीवर विचारपूर्वक तोडगा काढला गेला. नोंद एखाद्या कामाकडून आली असेल, तर ‘टी’ हे अक्षर व त्या कामाचा क्रमांक छापला जातो. काम कोठेही हलले तरी हा क्रमांक बदलत नाही. काही नोंदी मात्र कोणत्याही कामाच्या नसतात. डिस्ककडून किंवा नेटवर्ककडून संकेत येताच प्रोसेसर हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून त्या संकेताकडे वळतो. त्या क्षणी केलेली नोंद बाजूला ठेवलेल्या कामाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. म्हणून तेथे ‘सी’ हे अक्षर आणि प्रोसेसरचा क्रमांक येतो. वरील उदाहरणात पहिल्या व तिसऱ्या ओळीवर ‘सी ०’ आणि दुसऱ्या व चौथ्या ओळीवर, समजा, ‘टी १४८२’ असे छापले गेले असते, तर डिस्क बदलण्याची वेळ आली नसती.

ही सोय ऐच्छिक आहे. कर्नल तयार करतानाच ती निवडावी लागते. प्रत्येक ओळीची लांबी वाढते, आणि जेथे नोंदी मंद तारेवरून अक्षर-अक्षर करत बाहेर जातात तेथे एवढाही भार जाणवतो. शिवाय जुन्या धाटणीच्या ओळी वाचण्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रामांचा नव्या खुणांमुळे गोंधळ होऊ शकतो. कर्नलच्या स्वयंचलित चाचण्यांना मात्र या खुणांचा मोठा आधार होतो. तेथे हजारो ओळी माणूस वाचत नाही, यंत्रच वाचते. आणि समान खुणेच्या ओळी निवडून एकत्र लावणे, हे यंत्राला सहज साधते.