ओळीची मोजणी : युनिक्सच्या लेखरचना-आज्ञावली आणि देवनागरी मुद्रण

हस्तलिखित छापखान्यात गेले की त्याची ओळ कोठे तुटावी हा निर्णय पूर्वी जुळारी घेत असे. एखादा शब्द ओळीत मावत नसेल, तर दोन शब्दांमधील कोऱ्या खिळ्यांची जाडी कमीअधिक करून तो ओळ बसवी, आणि हे काम तो मुख्यतः नजरेने करी. संगणकावर लेखन होऊ लागल्यापासून तोच निर्णय आज्ञावलीकडे गेला आहे. आज्ञावलीला नजर नसते. तिला मोजता येते, एवढेच. ती नेमके काय मोजते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला या प्रश्नाशी काय कर्तव्य, अशी शंका घेतली जाईल. परंतु ज्याने आपली देवनागरी संहिता एका आज्ञेसरशी कागदावर उतरविण्याचा प्रयत्न केला आहे आणि अर्ध्या रुंदीतच तुटलेल्या ओळी पाहिल्या आहेत, तो ही शंका घेणार नाही.

या आज्ञावलींचा मूळपुरुष म्हणजे 'रनऑफ'. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे जेरोम सॉल्टझर यांनी १९६४ साली तो सिद्ध केला. डॉक्टरेटच्या अभ्यासातील आपले लेखन नीटनेटके उतरावे ही त्यामागील निकड होती. तेव्हा ही विद्या प्रबंधाच्या पोटीच जन्मली असे म्हणावयास हरकत नाही. तिची पद्धत अगदी साधी. लेखन सलग लिहीत जावयाचे, आणि रचनेची सूचना द्यावयाची असेल तेथे बिंदूने आरंभ होणारी एक स्वतंत्र ओळ घालावयाची : येथे ओळ सोडा, पुढील ओळ मध्यभागी घ्या, येथून नवे पान. आज्ञावली बिंदूच्या ओळी गाळते, त्यांतील सूचना पाळते आणि उरलेले शब्द ठरलेल्या रुंदीत भरते.

बेल लॅबोरेटरीजमध्ये या वंशाला 'रॉफ' हे नाव मिळाले. युनिक्सच्या इतिहासात रॉफचे स्थान सामान्यतः समजले जाते त्याहून मोठे आहे. युनिक्सच्या निर्मात्यांना नवा पीडीपी-११ संगणक हवा होता, आणि तो पदरात पडला तो लेखरचनेची व्यवस्था करून देण्याच्या आश्वासनावर. पेटंट-अर्जांच्या पानांवर ओळींना क्रमांक लागत. रॉफमध्ये तशी सोय करण्यात आली, आणि १९७१ च्या उत्तरार्धात पेटंट विभागाच्या तीन टंकलेखिका दिवसभर त्या यंत्रावर अर्ज तयार करू लागल्या. ज्या व्यवस्थेकडे आज आपण गणनाशास्त्राचा आदर्श म्हणून पाहतो, तिचे पहिले खरे ग्राहक टंकलेखक होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

रॉफचे एकक टंकलेखन यंत्राचे होते : एक अक्षर म्हणजे एक घर. जो ओसाना यांनी १९७३ साली 'ट्रॉफ' लिहिला तेव्हा हे एकक बदलले, कारण ट्रॉफ ज्या प्रकाशजुळणी यंत्रासाठी होता त्यावर रोमन लिपीतील 'आय' अरुंद आणि 'एम' रुंद उमटे. ट्रॉफ प्रत्येक अक्षराची रुंदी कोष्टकातून घेऊन बेरीज करतो आणि उरलेली जागा शब्दांमध्ये वाटतो. त्याचा जुळा भाऊ 'एनरॉफ' घरे मोजणाऱ्या यंत्रांसाठी राहिला. एकाच संहितेचा दोन्ही प्रकारे उपयोग होतो. ओसाना १९७७ मध्ये निवर्तले. १९७९ च्या सुमारास ब्रायन कर्निघन यांनी ट्रॉफला एका विशिष्ट यंत्राच्या बंधनातून मोकळे केले, आणि १९९० साली जेम्स क्लार्क यांचा 'ग्रॉफ' हा मुक्त अवतार आला. तोच आज बहुतेक लिनक्स यंत्रांवर आढळतो.

याखेरीज छोट्या, एकेक काम करणाऱ्या आज्ञावलींचे एक कुटुंब आहे. 'एफएमटी' परिच्छेदाच्या ओळी सारख्या रुंदीच्या करते, 'फोल्ड' लांब ओळ मोडते, 'पीआर' पाने पाडून प्रत्येकावर दिनांक, फाइलचे नाव व पृष्ठांक घालते, आणि 'एलपीआर' तयार मजकूर मुद्रकाच्या रांगेत लावते. एकीचे फलित दुसरीच्या हाती देणारी नळी, म्हणजे 'पाइप', युनिक्समध्ये १९७३ साली आली. तिच्यामुळे ही सारी साखळी एका ओळीत लिहिता येते. येथे एक व्यावहारिक सूचना करणे अवश्य आहे. पीआर पानावर ६६ ओळी धरते, कारण अमेरिकी कागद ११ इंच उंच असून इंचाला सहा ओळी बसतात. आपल्याकडील ए-४ कागद २९७ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ११.७ इंच उंच असतो. त्यावर ७० ओळी येतात. ही संख्या आज्ञेत स्पष्ट सांगितली नाही, तर ओळींच्या हिशोबाने छापणाऱ्या मुद्रकावर प्रत्येक पान थोडे थोडे वर सरकत जाते आणि काही पानांनंतर शीर्षक भलत्याच ठिकाणी येते.

आता देवनागरीकडे वळू. 'महाराष्ट्र' हा शब्द घ्यावा. वाचणाऱ्याच्या दृष्टीने त्यात चार अक्षरे आहेत : म, हा, रा, ष्ट्र. युनिकोडच्या दृष्टीने त्यात दहा वर्णसंकेत आहेत, कारण प्रत्येक काना आणि प्रत्येक हलंतचिन्ह स्वतंत्र गणले जाते. साठवणुकीत हाच शब्द तीस बाइट व्यापतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात. (ही पद्धत केन टॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, मेजावरील कागदावर आखली. टॉम्पसन म्हणजे युनिक्सचेच एक जनक.) संगणकाच्या पडद्यावर घरे मोजण्याची रूढ रीत लावली तर आणखी चौथी संख्या निघते : कान्याला एक घर, हलंताला शून्य, एकूण आठ. वाचकाने 'डब्ल्यूसी' या आज्ञावलीने बाइट व संकेत स्वतः मोजून पाहावे. ओळ संपविणाऱ्या अदृश्य चिन्हामुळे दोन्ही वेळा एक अधिक येईल, त्याने गोंधळू नये.

चार, आठ, दहा आणि तीस. रोमन लिपीतील साध्या इंग्रजी शब्दाच्या बाबतीत या चारही मोजण्या एकच उत्तर देतात, म्हणून तेथे आज्ञावली काय मोजते हा प्रश्न उद्भवतच नाही. ग्नू संचातील एफएमटी आणि फोल्ड दीर्घकाळ बाइट मोजीत आल्या आहेत. पंचाहत्तरांची मर्यादा घातलेल्या ओळीत 'महाराष्ट्र' हा शब्द त्यांच्या हिशोबाने दोनदाच मावतो. तिसऱ्यास जागा उरत नाही, आणि डोळ्यांना मात्र ओळ अर्धीअधिक रिकामी दिसते. फोल्डला शब्दांच्या मधल्या जागी मोडण्याची सूचना दिली नसेल तर ती तीन बाइटांच्या मधोमधही कापते. मग अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते ते यामुळेच. या आज्ञावलींना सदोष म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या लिपीसाठी त्या घडविल्या गेल्या तिच्यात हे सारे हिशोब जुळत होते. देवनागरी टंकलेखन यंत्र घडविणाऱ्यांपुढेही याच जातीची अडचण होती. त्यांनी काही मात्रांच्या कळा अशा केल्या की त्या दाबल्यावर गाडी पुढे सरकत नसे.

मग घरे सोडून खरी रुंदी मोजणारा ट्रॉफ उपयोगी पडेल काय? दुर्दैवाने नाही. जोडाक्षराची कल्पना ट्रॉफला अगदीच अपरिचित नव्हती. रोमन 'एफ' व 'आय' यांचा जोड तो करी. परंतु तो संकेत ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने छापतो आणि प्रत्येकाची रुंदी अलग मोजतो. 'स्थिती' हा शब्द स, हलंत, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी या क्रमाने साठविलेला असतो. तो तसाच उमटविला तर स चा पाय मोडलेला राहील, आणि थ ची वेलांटी थ च्या नंतर येऊन त च्या डोक्यावर बसेल; बिचाऱ्या त ला दोन्ही बाजूंनी वेलांट्या! २०२३ च्या ग्रॉफ १.२३ मध्येही देवनागरीची ही घडण करणारी यंत्रणा नाही. देवनागरीत अक्षराची रुंदी घटकांच्या बेरजेने निघत नाही. 'ष्ट्र' ची रुंदी ष, ट आणि र यांच्या रुंदीवरून सांगता येणार नाही; वापरावयाच्या टंकाला विचारून, अक्षर घडवून, मगच ते मोजावे लागते.

हे काम आज 'पँगो' हे आज्ञासंग्रहालय 'हार्फबझ' या घडणयंत्रणेच्या साहाय्याने करते, आणि त्यावर आधारलेली 'पॅप्स' ही आज्ञावली आपल्या कामाची आहे. ती यूटीएफ-८ मधील साधी संहिता वाचते, टंकाचे नाव, आकार व कागदाचे माप आज्ञेत घेते, अक्षरे घडवून ओळी पाडते आणि पोस्टस्क्रिप्ट पाने देते. ती नळीतून एलपीआरकडे सोडावी. मात्र पॅप्सच्या आधी एफएमटी लावू नये. परिच्छेद एकाच लांब ओळीत द्यावा, म्हणजे ओळ मोडण्याचा निर्णय ज्याला मोजता येते त्याच्याच हाती राहील. टिपणे, मुद्रितशोधनाची प्रत, मुलाखतींच्या लिखित नोंदी यांसाठी एवढे पुरेसे आहे. तळटीपा, अनुक्रमणी, संदर्भसूची असलेल्या अंतिम प्रबंधाला ते पुरणार नाही. तेथे 'झीटेक' स्वीकारावा. त्यात अक्षरांची घडण हार्फबझच करते, आणि संहितेतच रचनासूचना लिहिण्याची रनऑफची रीत तेथेही चालू आहे.

शेवटी एक बारीकशी, पण मराठीच्या दृष्टीने दुर्लक्ष न करण्याजोगी बाब. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून निराळी आहेत, आणि काही टंकांत दोन्ही भरलेली असतात. त्यांतले कोणते निवडावयाचे हे पँगो संहितेच्या भाषेवरून ठरवते. भाषा वेगळी सांगितली नसेल तर यंत्रावर नेमलेली भाषा धरते. यंत्र इंग्रजी किंवा हिंदीवर लावलेले असेल तर मराठी प्रबंधात हिंदी वळणाचे ल आणि श छापले जातील, आणि 'जीवनशैली' सारख्या शब्दात दोन्ही एकदम नजरेत भरतील. म्हणून आज्ञा देण्यापूर्वी भाषा मराठी आहे याची खात्री करावी, आणि एका चाचणी-पानावर ल, श यांच्याबरोबर 'वाऱ्या', 'तऱ्हा' यांतील अर्धा र ही तपासून घ्यावा.