एका शून्याचा फेरा

नवी गाडी दारात आली की शेजारीपाजारी पेढे मागतात, वडीलधारी माणसे चाकाखाली लिंबू ठेवतात आणि मुले हॉर्न वाजवून पाहतात. गाडीचा कागद मात्र कोणी मागत नाही. तो काही दिवसांनी सावकाश घरी येतो, सगळ्यांच्या हातांतून एकदा फिरतो, "नंबर छान मिळाला हो, बेरीज नऊ येते!" असे कोणीतरी म्हणते आणि तो कपाटात जातो. आमच्याही घरी हेच झाले. त्याच कागदावर आणखी एक सतरा जागांचा क्रमांक होता. तो वाचून पाहण्याचे घरात कोणालाच सुचले नाही, असे मी पुढची चौदा वर्षे समजत होतो.

अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, २०१० च्या दसऱ्याला स्कूटर घेतली तेव्हा त्यांना एकसष्टावे लागले होते. नोकरीत असेपर्यंत त्यांनी सायकल सोडली नाही. निवृत्त झाल्यावर म्हणाले, आता तुझ्या आईला मागे बसवून मंडईत नेणार. आणि नेले. आई एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने सीट धरून बसायची. ताशी पंचवीसच्या वर काटा गेला की मागून सूचना यायची.

२०२४ च्या जुलैत अण्णा गेले. चौदाव्या दिवशी आमचे एक स्नेही म्हणाले, "स्कूटर काढून टाका. उगाच गंजत पडेल." मी मान डोलावणार इतक्यात आतून आईचा आवाज आला, "स्कूटर जायची नाही. चिमी चालवील."

चिमी म्हणजे आमची कन्या. ती कॉलेजात आहे. तिच्याकडे परवाना होता, उत्साह होता. नव्हती ती फक्त कायद्याची परवानगी. गाडीचा मालक वारला तर वारसाने तीस दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना क्रमांक ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून मागायची, असा नियम आहे. (विकली किंवा बक्षीस दिली तर नमुने वेगळे, २९ आणि ३०.) वारसांत आम्ही तिघे: आई, मी आणि नागपूरची धाकटी बहीण. आम्ही दोघांनी संमती लिहून दिली. गाडी आईच्या नावावर व्हायची, असे ठरले. पंचाहत्तरी गाठलेल्या माझ्या आईने आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही; पण मालक होण्यासाठी गाडी चालवता यावी लागत नाही, ही कायद्याची मोठी सोय आहे.

अर्ज हल्ली संगणकावर करायचा असतो. गाडीचा नंबर घातला की संगणक चेसिस क्रमांकाची शेवटची पाच अक्षरे विचारतो. मी चिमीला टॉर्च घेऊन खाली पाठवले. तिने स्कूटरच्या सांगाड्यावरचा ठोकलेला क्रमांक वाचून आणला: चार, शून्य, सात, एक, आठ. मी तो घातला. संगणक म्हणाला, तपशील जुळत नाही. पुन्हा घातला, पुन्हा तेच. मग नोंदणीचे कार्ड काढून पाहिले. कार्डावरही तोच क्रमांक दिसत होता. मी चष्मा पुसला. चिमीने कार्ड माझ्या हातातून घेतले, खिडकीपाशी नेले आणि म्हणाली, "बाबा, हे शून्य जरा जास्तच गोल नाही का?"

तिने शून्याच्या जागी इंग्रजी ओ हे अक्षर टाकले. आतल्या खोलीत अण्णांचा फोन वाजला. आई तो अजून रोज चार्ज करून ठेवते. मागे कधीतरी त्यांनीच गाडीच्या नोंदीला तो नंबर जोडला होता. त्यावर सांकेतिक आकडा आला होता. दार उघडले होते, पण खोट्या किल्लीने!

मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून बसणाऱ्या एजंटाला गाठले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि फार प्रेमळपणे म्हणाला, "साहेब, मशीन घेतंय ना? मग तेच चालवून घ्या. ओ काय, शून्य काय, बघतंय कोण?"

मला त्याचे म्हणणे पटले, हे कबूल केले पाहिजे. त्या रात्री मी निवांत झोपलोही असतो. पण झोपण्यापूर्वी सहज विम्याचा कागद पाहिला. त्यावर शून्य होते. विमा उतरवताना क्रमांक विक्रीच्या पावतीवरून घेतलेला, आणि पावती बरोबर. म्हणजे सरकारच्या दप्तरात एक स्कूटर होती, विमा कंपनीच्या दप्तरात दुसरी, आणि माझी मुलगी बसणार होती ती तिसरीवर. रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला निदान दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा असलाच पाहिजे, असे कायदा सांगतो. उद्या चिमीच्या हातून कोणाला धक्का लागला आणि कंपनीने विचारले, "विमा कोणत्या गाडीचा?" तर मी एजंटाला साक्षीला बोलावणार होतो काय? शिवाय पंधरा वर्षे भरली की नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्या वेळी निरीक्षक क्रमांक ताडून पाहतो. ती मुदत २०२५ च्या दसऱ्याला संपत होती.

इथे त्या सतरा जागांच्या क्रमांकाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण मलाही ते तेव्हाच कळले. तो क्रमांक म्हणजे गाडीची जन्मखूणच. नंबरप्लेट बदलता येते, रंग बदलता येतो; सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक गाडी भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. अमेरिकेने १९८१ सालच्या मॉडेलपासून सतरा जागांची रीत सक्तीची केली आणि पुढे ती जगभर रुजली. पहिली तीन अक्षरे कारखान्याची. आपल्या देशात तयार झालेल्या गाड्यांचा क्रमांक बहुधा एम या अक्षराने सुरू होतो. पण मला खरा आनंद झाला तो एका बारीकशा नियमाने. या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरे वापरायचीच नाहीत; का, तर एक आणि शून्य यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून! म्हणजे आमच्या कार्डावरचा ओ केवळ चुकीचा नव्हता, तो अशक्य होता. ज्या गोंधळाच्या भीतीने जगातल्या तज्ज्ञांनी ते अक्षर हद्दपार केले, तोच गोंधळ आमच्या कार्डावर छापून आला होता.

हा शोध खिशात घालून मी आमच्या शहराच्या परिवहन कार्यालयात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "पुरावा?"

"स्कूटर खाली उभी आहे," मी म्हणालो.

"ती आज उभी आहे. २०१० साली काय होतं त्याचा कागद आणा. विक्रीचा दाखला, कारखान्याचा दाखला, पावती. आणि नावाचंही बघा. मृत्यूच्या दाखल्यावर दत्तात्रय आहे, इथे निराळं दिसतंय."

निराळे म्हणजे एवढेच की कार्डावरच्या इंग्रजी नावाच्या शेवटी ए नव्हता. मराठी माणसाच्या नावाची इंग्रजीत जी परवड होते तिच्यावर एक स्वतंत्र लेख होईल. आपण आडनाव आधी लिहितो, मग स्वतःचे, मग वडिलांचे. संगणक पहिल्या शब्दाला नाव समजतो. आमच्या ओळखीचे एक देशपांडे आहेत. कार्डावर त्यांच्या तीर्थरूपांचे नाव म्हणून त्यांचे स्वतःचेच नाव छापून आले. दुसऱ्या एका स्नेह्यांनी गाडीचे कर्ज कधीच फेडले, पण कार्डावर अजून बँकेचा बोजा आहे, कारण बँकेकडून नमुना ३५ घेऊन तो उतरवून घ्यायचे राहून गेले. ते स्वतःला गाडीचे मालक समजतात, एवढेच.

२०२५ साली महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षेच्या नंबरप्लेटा बसवायची धांदल उडाली, तेव्हा अशा चुका घरोघर बाहेर आल्या. प्लेट मागवताना चेसिस आणि इंजिन क्रमांकाची शेवटची पाच अक्षरे द्यावी लागत, आणि ती जुळेनात! "आमच्या फोनात कार्ड आहे की," असे काही जण म्हणत. २०१८ पासून फोनातली सरकारी प्रत मूळ कार्डाइतकीच ग्राह्य आहे हे खरे. पण ती त्याच नोंदीची सावली. शरीराला कुबड असेल तर सावलीलाही असणार.

असो. पुरावा हवा होता, आणि तो असलाच तर अण्णांच्या फायलीत. ही फाइल म्हणजे एक पत्र्याची पेटी होती. तिला हात लावायची आम्हाला बंदी होती आणि अण्णा गेल्यावरही ती कोणी उघडली नव्हती. आईने किल्ली काढून दिली, पण स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसली. पेटीत १९७४ सालच्या पंख्याची पावती होती, माझी तिसरीतली प्रगतिपुस्तके होती, आणि तळाशी "स्कूटर" असे लिहिलेले खाकी पाकीट. त्यात पावती, विक्रीचा दाखला, कारखान्याचा दाखला, सगळे क्रमवार. एका कोऱ्या कागदावर चिकटपट्टीखाली चेसिस क्रमांकाचा पेन्सिलीचा ठसा होता. सांगाड्यावर पेन्सिल घासून तो चिकटपट्टीवर उचलतात. विक्रेत्याचा माणूस तो घेत असताना अण्णांनी स्वतःसाठी जास्तीचा एक मागून घेतला असणार. ती त्यांची सवयच होती.

त्याच्या मागे एक अर्ज टाचलेला होता. त्यांच्या टपोऱ्या अक्षरात, नोव्हेंबर २०१० चा, नोंदणी कार्यालयाला. "माझ्या वाहनाच्या प्रमाणपत्रात चेसिस क्रमांकात शून्याऐवजी ओ हे अक्षर पडले आहे, तरी दुरुस्ती व्हावी ही विनंती." वर आवक शिक्का. खाली पेन्सिलीने बारीक टिपणे होती: "सोमवारी या." "साहेब रजेवर." "मार्चनंतर विचारणे." त्यानंतर काही नव्हते. त्या मार्चमध्ये आईचे मोठे ऑपरेशन झाले होते आणि अण्णा महिनाभर इस्पितळात बाकावर झोपले होते.

मी तो अर्ज आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मला कधी बोलले नाहीत हो." मग थोड्या वेळाने, "काळजी करत बसेन म्हणून नसतील बोलले."

पुढच्या खेपेला खिडकीतल्या गृहस्थांनी तो जुना शिक्का बराच वेळ पाहिला. ते काही बोलले नाहीत, पण कागद आत घेऊन गेले, आणि परत आल्यावर मला बसायला खुर्ची दिली. दुरुस्तीचा अधिकार त्यांचा नव्हता. तिला वरून मंजुरी लागे आणि त्याआधी गाडीची पाहणी. पाहणीला निरीक्षक म्हणून एक तरुण बाई आल्या. मी माझे सतरा जागांचे पुराण सुरू केले, तशा हसून म्हणाल्या, "काका, माहीत आहे. ओ नसतोच." आणि सरळ जमिनीवर गुडघा टेकून त्यांनी क्रमांकावरची धूळ रुमालाने पुसली, अण्णांचा ठसा शेजारी धरला आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचले. चौदा वर्षांपूर्वी कोणीतरी असेच दोन मिनिटे वाचले असते तर!

राहता राहिला नावातला ए. दत्तात्रय नावाची ही दोन्ही इंग्रजी रूपे एकाच व्यक्तीची, असे प्रतिज्ञापत्र आईने करून द्यायचे होते. नोटरीने विचारले, "आजी, यजमानांचं नाव सांगा." आई गप्प. त्याने पुन्हा विचारले. तिने माझ्याकडे पाहिले. बावन्न वर्षांच्या संसारात तिने अण्णांना नावाने हाक मारली नव्हती. नाव घेतले ते उखाण्यात, हळदीकुंकवाला. "नुसतंच कसं घेऊ रे?" ती मला हळूच म्हणाली. नोटरी भला माणूस होता. त्याने कागद तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "वाचून दाखवा, तेवढं पुरे." तिने बोट ठेवून वाचले, दोन्ही रूपे, एकापाठोपाठ एक. बाहेर आल्यावर म्हणाली, "उच्चार तर एकच आहे. मग सोंगं कशाला दोन?"

आधी दुरुस्ती, मग वारसाची नोंद, अशा पाच खेपा झाल्या. एजंटाने दोनदा रस्त्यात अडवून माझी कीव केली. दिवाळीच्या आधी पोस्टमन कार्ड घेऊन आला.

या वेळी आम्ही पेढे नंतर वाटले. चिमी टॉर्च घेऊन स्कूटरपाशी बसली, मी कार्ड धरले, आई पायरीवर उभी राहून ऐकत होती. मी एकेक अक्षर वाचायचे आणि चिमीने सांगाड्यावर बोट ठेवून "हं" म्हणायचे. चेसिस झाला, इंजिन झाले, रंग, बनावटीचा महिना, पत्ता. आईच्या नावाचे सगळे स्पेलिंग जुळले. "आणि ते शून्य?" आईने विचारले. "शून्यच आहे, आजी," चिमी म्हणाली, "बारीक."

आईने कार्ड पदराने पुसले आणि मला पुन्हा चपला घालायला लावल्या. पेटीत ठेवण्यासाठी त्याच्या दोन झेरॉक्स हव्या होत्या.