काळ्या मातीत रुतलेले चाक आणि ट्रॅक्शन बोर्ड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील पिंगळीचे शिवार मराठवाड्याच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात मोडते, आणि या जमिनीत पावसाळ्यात रुतलेले चाक बाहेर काढण्याची अडचण येथे बैलगाडीइतकीच जुनी आहे. जीप, पिकअप आणि ट्रॅक्टर पाणंदीपर्यंत पोहोचल्यावर ही अडचण वाढली, आणि तिच्यावरचा उपाय म्हणून आता ‘ट्रॅक्शन बोर्ड’ विकत मिळतात. ट्रॅक्शन बोर्ड म्हणजे रुतलेल्या चाकाखाली सरकवायची, साधारण एक ते सव्वा मीटर लांब आणि फूटभर रुंद अशी दातेरी पट्टी, जिच्यावर चढून चाकाला पुन्हा पकड मिळते. ही पट्टी निवडताना किंमत, रंग आणि वेष्टनावर छापलेले टनांचे आकडे पाहिले जातात. खरे तर पहिली चौकशी मातीची व्हायला हवी, कारण बोर्डाविषयीचे बहुतेक गैरसमज माती विसरल्यानेच निर्माण झाले आहेत.

काळी माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली असून तिच्यात चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण बहुधा निम्म्याच्या आसपास असते. या कणांतील स्मेक्टाइट गटाची खनिजे आपल्या थरांमध्ये पाणी ओढून घेतात, त्यामुळे माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वाफसा असताना, म्हणजे ओल मशागतीला योग्य इतकीच असताना, जी वाट गाडीचे वजन सहज पेलते, तीच वाट झडीच्या पावसानंतर लोण्यासारखी होते. शिवाय ही माती टायरच्या खाचांमध्ये घट्ट बसून टायर गुळगुळीत करून टाकते.

वाळूत चालणारा बोर्ड चिखलातही तितकाच चालतो, हा पहिला गैरसमज. या साधनाची घडण मुळात वाळवंटातली आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅगनॉल्ड यांनी 1920च्या दशकाच्या अखेरीस लिबियन वाळवंटातील मोहिमांत मोटारींच्या चाकांखाली पोलादी पन्हळी टाकण्याची पद्धत वापरली. दुसऱ्या महायुद्धात तात्पुरत्या धावपट्ट्यांसाठी बनवलेले भोकांचे पोलादी पत्रे पुढे मोटारींसोबत फिरू लागले, आणि आजचे दातेरी प्लास्टिकचे बोर्ड 2005च्या सुमारास ऑस्ट्रेलियात रूढ झाले. या प्रवासात वाळूचा विचार प्रधान राहिला. वाळूचे कण एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून दातांच्या फटीत गेलेली वाळू आपोआप गळून पडते. काळा चिखल मात्र तेथेच लिंपला जातो आणि दाटीवाटीने बसवलेल्या बारीक दातांचा बोर्ड एकदोन प्रयत्नांतच सपाट फळी होऊन बसतो. त्यामुळे पिंगळीसारख्या भागासाठी दाते उंच व एकमेकांपासून दूर असलेला, मधून चिखल बाहेर पडायला मोकळी भोके असलेला आणि खालच्या बाजूलाही मातीत रुतणारे दाते असलेला बोर्ड घ्यावा. खालची बाजू दुकानात क्वचितच कोणी पाहते, पण बोर्ड चाकामागून सटकतो तो तिच्याच उणिवेमुळे.

दुसरा गैरसमज वजनाचा आहे. चाक जागच्या जागी फिरू लागले की मागे माणसे उभी करायची किंवा पोती टाकायची, म्हणजे पकड वाढते, असे मानले जाते. कोरड्या, कणीदार जमिनीत घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्यात तथ्य आहे. पाण्याने पूर्ण भिजलेल्या चिकण मातीत मात्र जमिनीचा प्रतिकार वजनावर अवलंबून नसतो. वरून भार आला तरी तो कणांमधील पाण्यावर पडतो आणि मातीची कातरण्यास विरोध करण्याची ताकद, म्हणजे एक थर दुसऱ्यावरून घसरू न देण्याची क्षमता, आहे तेवढीच राहते. अशा मातीत एकूण पकड म्हणजे ही ताकद गुणिले जमिनीला टेकलेले क्षेत्रफळ. फार मऊ चिखलाची ताकद दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 0.1 किलोग्रॅम धरली आणि टायरचा ठसा 300 चौरस सेंटिमीटरचा मानला, तर एका चाकाला जेमतेम 30 किलोग्रॅमचा रेटा मिळतो. 115 सेंटिमीटर लांब व 33 सेंटिमीटर रुंद बोर्डाचे क्षेत्रफळ जवळपास 3,800 चौरस सेंटिमीटर असल्याने तो संपूर्ण टेकला, तर हाच आकडा 380 किलोग्रॅमपर्यंत जाऊ शकतो. बोर्ड वाकतो, अर्धवट टेकतो, म्हणून प्रत्यक्षात रेटा यापेक्षा कमीच मिळतो. तरीही काळ्या मातीत लांबी आणि रुंदी यांना पैसे मोजावेत आणि पाऊण मीटरचे, डिकीत सहज मावणारे आखूड बोर्ड टाळावेत, एवढे या ढोबळ हिशेबातून नक्की निघते. त्याच हिशेबाने, कापूस किंवा सोयाबीन भरलेली पिकअप रुतली तर आधी माल उतरवावा: वजन पकड वाढवत नाही, फक्त बोर्डाला खाली दाबते. टायरमधील हवा कमी केल्यानेही ठसा वाढतो आणि त्याला काही खर्च येत नाही. अर्थात पक्क्या रस्त्यावर वेग घेण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी लागते.

वेष्टनावरील ‘10 टन’ हा आकडा बहुधा सपाट, कठीण जमिनीवर ठेवलेला बोर्ड किती दाब सहन करतो ते सांगतो. खड्ड्यावर पुलासारखा आडवा टाकलेला बोर्ड त्याच्या लहानशा अंशानेही मोडू शकतो, कारण तेथे दाबाऐवजी वाकण्याची परीक्षा असते. नाल्यावरून किंवा चरावरून गाडी नेण्यासाठी हे साधन नाही.

महाग बोर्ड म्हणजे कायमचा बोर्ड, हीही समजूत अपुरी आहे. चांगले बोर्ड काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे असतात, स्वस्त बोर्ड पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिलीनचे. नायलॉन सुमारे 220 अंश सेल्सिअसला किंवा त्याहून अधिक तापमानाला वितळते, पॉलिप्रोपिलीन 160 ते 165 अंशांच्या आसपास, आणि पॉलिथिलीन त्याहूनही आधी. चाक बोर्डावर जागच्या जागी फिरू दिले तर घर्षणाने दाते तापून गुळगुळीत होतात आणि कोणतेही प्लास्टिक त्यातून सुटत नाही. म्हणून किमतीपेक्षा चालवण्याची रीत महत्त्वाची ठरते: खालचा गियर, अगदी हलका ॲक्सिलरेटर आणि चाक घसरताच पाय काढून घेणे. परभणीच्या उन्हाळ्यात, पारा 40 अंशांच्या वर असताना, गाडीच्या टपावर महिनोन्महिने ठेवलेला स्वस्त बोर्ड सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी ठिसूळ होतो. तो सावलीत ठेवण्याइतकी काळजी कोणालाही घेता येते.

बोर्ड कोणत्या चाकाखाली घालायचा, याबाबतही गोंधळ असतो. इंजिनाची शक्ती दोन चाकांत वाटणारी डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची रचना साधी असेल, तर ज्या चाकाला पकड कमी तेच फिरते आणि पलीकडचे चाक स्वस्थ राहते. फिरणाऱ्या चाकापुढे माती खणून, बोर्डाचे टोक टायरखाली शक्य तितके आत ढकलावे. गाडीचा पोटाखालचा भाग मातीवर टेकला असेल, तर जगातला कोणताही बोर्ड चाकाला उपयोगी पडत नाही. आधी फावड्याने तो भाग मोकळा करावा लागतो. त्यामुळे बोर्डासोबत फावडे नसेल तर खरेदी अर्धवटच राहिली असे समजावे.

मोटारीचा बोर्ड ट्रॅक्टरलाही चालेल, हा समज सर्वांत धोकादायक परिणामांकडे नेतो. अनेक ट्रॅक्टरांचे 13.6 इंच मापाचे मागील टायर अशा बोर्डापेक्षा रुंद असतात आणि त्यांच्या जाड रबरी कडा प्लास्टिकचे दाते सहज तोडतात. बोर्ड निरुपयोगी ठरला की मागच्या चाकांना ओंडका बांधला जातो किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने टोचन केले जाते. ओंडका चिखलात अडकला आणि चाक थांबले, तर इंजिनाचा जोर ट्रॅक्टरच्या धडालाच आसाभोवती फिरवतो, पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकासह मागे उलटतो. हे इतक्या झटकन घडते की क्लच दाबायलाही अवधी मिळत नाही. ओढणाऱ्या ट्रॅक्टरची साखळी वरच्या दांड्याला बांधली तरी हाच धोका असतो. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच अडकवावी. रुतलेल्या ट्रॅक्टरचे अवजार सोडून वजन कमी करावे आणि डिफरन्शियल लॉक वापरून दोन्ही चाके एकत्र फिरवावीत.

विकतचा बोर्ड नसेल तर काहीच करता येत नाही, असेही नाही. तुराट्या आणि पऱ्हाट्या यांच्या पेंढ्या चाकोरीत आडव्या, दाट अंथरल्या की त्या क्षेत्रफळ वाढवण्याचे तेच काम करतात, आणि पिंगळीच्या शिवारात त्या विपुल असतात. बाभळीच्या काटेरी फांद्यांनी मात्र टायर पंक्चर होतो, आणि सुटे दगड खोल काळ्या मातीत गडप होतात किंवा चाकाखालून मागे उडतात.

उडण्याचा धोका बोर्डालाही आहे. चाकाने पकड सोडली की तो जोराने मागे फेकला जातो, म्हणून त्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये, धक्का देणाऱ्यांनीदेखील नाही. शक्य असेल तर ज्या वाटेने गाडी आत आली त्याच वाटेने मागे घ्यावी, कारण ती जमीन एकदा वजन पेललेली असते. आणि चाक सुटल्यावर पक्क्या मुरमापर्यंत न थांबता जावे. मागे राहिलेले बोर्ड अनेकदा वीतभर चिखलाखाली जातात, तेव्हा त्यांना आधीच गडद केशरी किंवा पिवळ्या रंगाची दोन मीटर दोरी बांधलेली असावी, दोरी धरून ते एका टोकाकडून तिरके उचलावेत आणि दातांमधील माती ओली असतानाच खरवडून काढावी, कारण वाळल्यावर ती काढायला पाण्यासोबत पहारही लागते.