जाड पडद्याने खोली थंड होत नाही

उन्हाळा तोंडावर आला की सोलापुरात एक सल्ला घरोघरी फिरू लागतो: "पश्चिमेच्या खिडकीला जाड, गडद पडदा लावा, खोली गार राहील." दुकानदार हेच सांगतात, शेजारी हेच सांगतात, नवा फ्लॅट दाखवणारेही हेच सांगतात. मग कुणी महागडं ब्लॅकआउट कापड शिवून आणतं, कुणी कपाटातली सोलापुरी चादर काढून रॉडला अडकवतं. खोलीत अंधार होतो आणि अंधार झाला म्हणजे गारवा आला, असं सगळे धरून चालतात. संध्याकाळी पाच वाजता त्या पडद्याला काचेच्या बाजूने हात लावून पाहा. तो चांगलाच तापलेला असतो. ती उष्णता जाणार कुठे? खोलीतच.

हे नीट समजून घेऊ, कारण याच समजुतीपायी दरवर्षी लोकांचे हजारो रुपये वाया जातात. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना दिसतच नाही; ती अवरक्त किरणांच्या रूपात येते. त्यामुळे अंधारावरून उष्णतेचा अंदाज बांधता येत नाही. साधी काच उन्हाची बहुतेक ऊर्जा सरळ आत सोडते. आतला गडद पडदा ती शोषून घेतो, तापतो आणि स्वतः उष्णता बाहेर टाकू लागतो. ही उष्णता लांब तरंगलांबीची असते आणि तिला काच परत बाहेर जाऊ देत नाही. शिवाय काच आणि पडदा यांच्या मधली हवा तापून वर चढते आणि रॉडच्या फटीतून खोलीत शिरते. कापड कितीही जाड घ्या, ऊन काचेच्या आत आलेलं असतं. तिथे लढाई बरीचशी हरलेली असते.

बरीचशी, पूर्ण नाही. पडद्याची काचेकडची बाजू पांढरी असेल तर काही ऊन प्रकाशाच्याच रूपात परतून काचेबाहेर जातं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे आकडे इथे उपयोगी आहेत. मध्यम रंगाच्या, मागे पांढरं प्लॅस्टिक अस्तर असलेल्या पडद्याने खिडकीतून येणारी उष्णता 33 टक्क्यांपर्यंत कमी होते. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून छत्रीसारखं कापडी छत लावलं तर ती 77 टक्क्यांपर्यंत कमी होते. म्हणजे चांगल्या पडद्याच्याही दुपटीहून जास्त फरक काचेबाहेरच्या सावलीने पडतो. आपल्याकडे घरांसाठी 2018 साली आलेल्या इको-निवास संहितेतही भिंती-खिडक्यांतून येणारी उष्णता मोजताना काचेचा गुणधर्म आणि बाहेरची सावली धरली आहे. आतल्या पडद्याला त्या गणितात जागा नाही.

आता सोलापूरचा सूर्य पाहा. शहर सुमारे 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो, म्हणून तेव्हा शून्य सावलीचा दिवस येतो. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो मध्यान्हीला थोडा उत्तरेकडेच कललेला असतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो. खरा मारा पश्चिमेकडून होतो. चारच्या सुमारास सूर्य खाली आलेला असतो, किरणं छज्ज्याखालून थेट काचेवर पडतात. तेव्हा चौरस मीटरभर काचेवर 500 वॅटहून जास्त ऊर्जा येत असते. चार बाय चार फुटांची खिडकी म्हणजे जवळपास दीड चौरस मीटर. एप्रिल-मेच्या दुपारी त्या खोलीत कुणी छोटा हीटर लावून ठेवावा, तशी ही गत.

उपाय जुना आहे आणि स्वस्तही: खिडकीच्या बाहेरून बांबूची चिक, म्हणजे कामट्यांचा पडदा. चिक तापली तरी ती उष्णता बाहेरच्या हवेत जाते. फटींतून उजेड येतो, वारा खेळतो, आणि रात्री हवा थंड झाली की खिडकी उघडी ठेवता येते. चिक परवडत नसेल तर शेतात वापरतात ती शेडनेट चौकटीला ताणून, काचेपासून वीतभर अंतर सोडून बांधा. वळवाच्या वावटळीत उडू नये म्हणून खालची टोकंही बांधून टाका. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकर नगरात विडी कामगारांची दहा हजार घरं आहेत. तिथे आणि शहरातल्या पूर्व भागातही कितीतरी बायका दुपारभर घरात बसून विड्या वळतात. त्यांना उजेडही हवा आणि सावलीही. ब्लॅकआउट पडदा लावला तर भर दिवसा बल्ब लावून, कोंदट खोलीत काम करावं लागेल. अशा घराला जाड पडदा सुचवणं ही निव्वळ चुकीची माहिती नाही, त्या बाईच्या अंगाला होणारा ताप आहे.

आणि सोलापुरी चादर? भौगोलिक मानांकन मिळालेलं हे जाडजूड सुती विणकाम थंडीत अंगावर घ्यायला उत्तम. खिडकीच्या आत टांगली तरी ती उन्हापुढे इतर पडद्यांसारखीच वागते.

पडदे, काच आणि प्लायच्या दुकानांत घराबद्दल कानावर पडणारे आणखी काही गैरसमज:

"ओला पडदा कधीही गारवा देतो." एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, उघड्या खिडकीतून वारा येत असेल तरच. वाळ्याची ताटी याच तत्त्वावर चालते. बंद खोलीत किंवा पावसाळ्यात फक्त दमटपणा वाढतो.

"काचेची फिल्म जितकी काळी तितकी चांगली." काळी फिल्म ऊन शोषून काचच तापवते, कधीकधी त्या ताणाने काच तडकते. रंग पाहू नका. फिल्म उष्णता किती अडवते तो आकडा विचारा.

"वरच्या मजल्यावर पडदे बदलले की भागतं." मे महिन्यात डोक्यावरचं ऊन स्लॅबवर पडतं. आधी गच्चीला पांढरा परावर्तक रंग द्या.

"एमआर प्लाय वॉटरप्रूफ असतं." एमआर म्हणजे हवेतल्या ओलाव्यापुरतं टिकणारं. ओल्या जागेच्या कपाटाला आणि दाराला आयएस 710 चा शिक्का असलेलं मरीन प्लाय मागा.

"पीव्हीसीच्या दाराला काहीच होत नाही." पाण्याने नाही होत. थेट पश्चिमेचं ऊन लागलं तर ते वाकतं.

"शॉवरची काच जाड असली की धोका नाही." जाडी नव्हे, टफन्ड आहे का ते पाहा, ती फुटली तर बोथट बारीक तुकडे होतात. शहरात उजनी धरणाचं पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून अनेक घरं बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर चालतात. तिथे काचेवर पांढरे डाग पडणारच. अशा ठिकाणी धुता येणारा साधा पडदा जास्त सोयीचा.

"कपाटाला दारच हवं, पडदा कमीपणाचा." भिंतीतल्या कोनाड्याला सुती पडदा लावला तर हवा खेळते आणि पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास कमी येतो. धूळ बसते, पडदा महिन्याला धुवा.

पडदे जरूर घ्या. आडोशासाठी घ्या, झोपेसाठी घ्या, घर सुंदर दिसावं म्हणून घ्या. उन्हासाठी पैसे बाजूला काढले असतील तर ते काचेच्या बाहेर खर्च करा, आणि सुरुवात पश्चिमेच्या खिडकीपासून करा.